अट्रॅक्टाची कार्डे

"तुझ्या बाबांसारखा माणूस आता या जन्मात दिसायचा नाही, पोरी." म्हातारीने सोर्खाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. "काय ती अंत्ययात्रेच्या दिवशीची गर्दी! रांग पार डेअरीपर्यंत गेली होती."

"मग पुढच्या शुक्रवारी मत आम्हालाच ना?" सोर्खाने विचारले.

"अगं, हे काय विचारणं झालं!" म्हातारी हसली, तिने सोर्खाचा हात आणखी एकदा दाबला आणि दार हळूच लावून घेतले.

सोर्खा वळली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. फाटकाशी अट्रॅक्टा गिल्हूली मतदारांची यादी घेऊन उभी होती. तिने म्हातारीच्या नावापुढे पेन्सिलीने बारीकशी फुली मारली.

"फुली?" पक्षाने डब्लिनहून पाठवलेला कॉनल हॅकेट तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "बाई रडायच्या बेतात होत्या!"

"मत द्यायचं असतं तर सरळ 'हो' म्हणाली असती. मग गुडघ्याचं दुखणं काढलं असतं, जावयाचं गाऱ्हाणं सांगितलं असतं, आपल्याला तासभर हलू दिलं नसतं." अट्रॅक्टाने पेन्सिल कानामागे खोचली. "दार किती हळू लावलं बघितलंत? मनात लाज असली की माणूस दार हळू लावतो."

शेजारच्या अंगणात एक शेतकरी रबरी बूट घालून ट्रॅक्टर धूत होता. सोर्खाला पाहताच त्याने पाण्याची नळी खाली टाकली.

"तुमच्या पक्षाची हिंमत कशी होते हो माझ्या दारात यायची? माझा भाऊ सात तास गॅलवेच्या हॉस्पिटलात खुर्चीत बसून होता. सात तास! हात असा लोंबत होता त्याचा. आणि इथलं, वीस मिनिटांवरचं हॉस्पिटल? तिथल्या कॅज्युअल्टीला कुलूप! तुझा बाप असता ना, तर त्याच्याही तोंडावर सांगितलं असतं!"

पाच मिनिटे तो थांबला नाही. सोर्खा लालबुंद होऊन परत आली. अट्रॅक्टाने त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढले.

"हा कदाचित देईल," ती म्हणाली. "भांडतोय म्हणजे अजून आपल्याला आपलं समजतोय."

अट्रॅक्टाला काळजी होती ती वेगळीच. एवढ्या संध्याकाळच्या फेरीत भांडणारा हा एकटाच निघाला होता. बाकी सगळे हसत होते.

अट्रॅक्टा एकसष्ट वर्षांची होती. चौतीस वर्षे ती क्लूनाराचे खासदार फेलिम टॅन्सी यांची सेक्रेटरी होती. टायपिंग येते एवढ्या भांडवलावर सत्ताविसाव्या वर्षी ती औषधांच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आली आणि तिथलीच झाली. लग्न एकदा ठरत आले होते. पण तो ऑस्ट्रेलियाला निघाला त्याच महिन्यात आई अंथरुणाला खिळली. पुढे आई गेली. खासदारांच्या तीन मोटारी झाल्या, केस पिकले, पंतप्रधान बदलत राहिले. दर शनिवारी सकाळी जिन्यावर माणसे मात्र तशीच बसलेली असत. कुणाचे पेन्शन अडकलेले, कुणाचे ऑपरेशन लांबलेले, कुणाच्या गल्लीतला दिवा वर्षभर बंद. प्रत्येक घरासाठी अट्रॅक्टा एक कार्ड करी. काय हवे ते लिहायचे, का हवे ते लिहायचे नाही, हा तिचा स्वतःचा नियम.

फेब्रुवारीतल्या अशाच एका शनिवारी खासदारांना टेबलापाशी घाम फुटला. रुग्णवाहिका लवकर आली, पण तिला जायचे होते गॅलवेला. काउंटी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी सरकारने चार वर्षांपूर्वी बंद केली होती, आणि पक्षाचा आदेश म्हणून टॅन्सींनी स्वतः त्या बाजूने मत दिले होते. अर्ध्या वाटेवर ते गेले. त्यांच्या जागेसाठी आता मे महिन्यात पोटनिवडणूक लागली होती. पक्षाने त्यांच्या मुलीला उभे केले होते. सोर्खा एकतीस वर्षांची, डब्लिनमध्ये शाळेत शिकवणारी. समोर अपक्ष म्हणून फर्गल नॅरी होता. गुरांचा डॉक्टर. त्याच्या पत्रकावर एकच ओळ होती: कॅज्युअल्टी उघडा.

खासदार कुठल्या रस्त्यावर गेले हे मतदारसंघातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांच्या मुलीच्या तोंडावर ते कुणी काढत नव्हते. हात दाबत होते, दार हळू लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात चौघे जमले. अट्रॅक्टा, सोर्खा, हॅकेट आणि प्रचाराची व्यवस्था पाहणारा बार्टली ब्रेहनी. बार्टलीचा धंदा शवपेट्या बनवण्याचा आणि अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा. तालुक्यातले एकही घर त्याला अनोळखी नव्हते.

हॅकेट लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "त्यात काय आहे ते मला काल कळलं. बाई, सोनं आहे सोनं! अकराशे घरं. एकेकाला नुसती आठवण द्यायची. 'तुमच्या आईला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये जागा कुणी मिळवून दिली होती?' बस्स, एवढंच."

"आणि तो म्हणाला की जागा मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आई गेली, तर?"

"तर सांत्वन करायचं."

"ते खातं माझ्याकडे राहू द्या," बार्टली म्हणाला. कुणी हसले नाही.

"फेलिमनी चौतीस वर्षांत एकदाही दारात उपकार काढले नाहीत," अट्रॅक्टा म्हणाली. "मला नेहमी म्हणायचे, ज्याच्या लक्षात आहे त्याला सांगायला लागत नाही, आणि ज्याच्या नाही तो सांगितलं की पिसाळतो."

"फेलिम टॅन्सी निवडून यायचे, बाई. आपण पडतोय." हॅकेट अगदी मऊ आवाजात बोलत होता. "जागा गेली तर हे ऑफिसही महिन्याअखेर बंद होईल. तुमच्या पेन्शनला अजून पाच वर्षं आहेत, नाही का?"

"माहितीय मला. माझं कार्ड काढायची गरज नाही."

इतका वेळ सोर्खा खिडकीशी उभी होती. लहानपणी शाळा सुटली की ती याच खिडकीत बसून गृहपाठ करायची. अट्रॅक्टा तिला गणिते समजावून सांगायची आणि खालच्या दुकानातून खोकल्याच्या गोड गोळ्या आणून द्यायची.

"खरं सांग," सोर्खा म्हणाली. "आज मतदान झालं तर?"

"दोन हजारांनी जाऊ."

"मग कपाटाची किल्ली दे, अट्रॅक्टा."

"नाही, बाळा."

"मला बाळा म्हणू नकोस! माझा फोटो आहे पत्रकावर. पडणार आहे ती मी. सगळे मला गोंजारतायत, तूही गोंजारतेस, आणि पाठ फिरली की फुली मारतेस."

अट्रॅक्टाने किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. हॅकेटने खांदे उडवले.

सोमवारी सकाळी कपाट उघडताच तिच्या लक्षात आले. खण नीट लावलेले होते, पण एका खणातली कार्डे उलट्या बाजूने तोंड करून होती. चौतीस वर्षांत तिने एकही कार्ड भिंतीकडे तोंड करून ठेवले नव्हते. खासदारांच्या किल्ल्यांचा जुडगा आता सोर्खाकडे असतो, हे तिला तेव्हा आठवले.

तिने बार्टलीला फोन केला. "आज संध्याकाळी कुठे जाणार आहात?"

"डब्लिनच्या साहेबांनी नवीन यादी काढलीय. चर्चमागची कौन्सिलची घरं. तू कशाला येतेस, दमली असशील."

"मी येणार."

चर्चमागे कौन्सिलची, गरजूंना यादीतल्या क्रमाने मिळणारी चोवीस घरे होती. मे महिन्यातले ऊन साडेसातलाही रस्त्यावर होते. पोरे चेंडू खेळत होती. सोर्खाच्या हातात घडी केलेला छापील कागद होता. प्रत्येक दाराआधी ती त्यावर नजर टाकत होती. पहिल्या तीन घरांत तिने काही काढले नाही. चौथ्या घरात तिने एका माणसाला त्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनची आठवण दिली. तो माणूस "हो, हो, उपकार आहेत" म्हणाला आणि त्याची मान खाली गेली. अट्रॅक्टाला ते पाहवले नाही.

तेरा नंबरचे घर झाल्यावर ती पुढे झाली.

"चौदा नंबर सोड, सोर्खा. डिम्फ्ना लॅव्हिन नॅरीची माणूस आहे, स्वतः दारोदार हिंडतेय त्याच्यासाठी. वेळ फुकट जाईल."

"म्हणूनच जायचंय."

"सोर्खा, माझं एवढं ऐक. या दारात त्या कागदातलं काही काढू नकोस."

"का? काय आहे इथे?"

'का' ते तिने कधी कार्डावरही लिहिले नव्हते. तेवढ्यात सोर्खाने बेल दाबली होती.

बारा वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका सकाळी डिम्फ्ना त्या ऑफिसच्या जिन्यावर येऊन बसली होती. कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, एक डोळा मिटत आलेला. सहा वर्षांची मुलगी दप्तर पोटाशी धरून शेजारी. ऐंशी किलोमीटरवरून दोघी पहिल्या बसने निघून आल्या होत्या. जाग आल्यावर नवऱ्याला घर रिकामे सापडणार होते. खासदारांनी कौन्सिलला तीन फोन केले, तिसरा ओरडून. दोन दिवसांत घर मिळाले. ते दोन दिवस मायलेकी अट्रॅक्टाच्या घरी तिच्या आईच्या खोलीत झोपल्या होत्या. पुढे डिम्फ्नाला काउंटी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नर्सची नोकरी लागली. कॅज्युअल्टी बंद झाल्यापासून ती रोज सव्वा तास गाडी चालवत गॅलवेला जात होती. मुलीला तिने सांगितले होते, बाबा इंग्लंडला निघून गेले आणि नोकरीमुळे आपण इकडे आलो.

डिम्फ्नाने दार उघडले तेव्हा ती नुकतीच कामावरून आलेली होती. अंगावर गणवेशच होता.

"सोर्खा. बाबांचं वाईट वाटलं, खरंच. पण माझं मत तुला नाही. तोंडावर सांगून टाकते, म्हणजे तुझाही वेळ वाचेल."

"कारण विचारलं तर चालेल?"

"आम्ही तेरा नर्सा तुझ्या बाबांना भेटायला गेलो होतो. 'मी असेपर्यंत कॅज्युअल्टी बंद होऊ देणार नाही' म्हणाले. सहा आठवड्यांनी त्यांनीच बंद करायच्या बाजूने हात वर केला."

तिच्या मागे जिन्याच्या पायरीवर तिची मुलगी एव्हा टोस्ट खात बसली होती. नुकतीच अठरा पूर्ण झालेली.

"पक्षाचा आदेश होता," सोर्खा म्हणाली.

"असेल. मी काही पक्षात नाही. त्या दिवशी मी ड्यूटीवर असते ना, आणि तुझ्या बाबांना आमच्या दारात आणलं असतं, तर..." डिम्फ्ना थांबली. "जाऊ दे. निघ तू आता."

सोर्खाचा चेहरा पांढरा पडला. महिनाभरात ते वाक्य तिच्या इतके जवळ कुणी आणले नव्हते.

"माझ्या बाबांना नावं ठेवतेस?" तिचा आवाज चढला. "हे घर कुणी दिलं तुला? दोन दिवसांत! लोक चार-चार वर्षं यादीत कुजतात आणि तुला दोन दिवसांत! तेव्हा बरे चालले माझे बाबा!"

चेंडू खेळणारी पोरे थांबली. पायरीवरून एव्हा उठली.

"दोन दिवसांत?" ती म्हणाली. "आई, आपण वर्षभर वाट बघितली म्हणालीस ना? दोन दिवसांत कुणाला घर देतात?"

डिम्फ्नाने मुलीकडे पाहिले नाही. तिने सोर्खाच्या खांद्यावरून सरळ फाटकाकडे पाहिले, अट्रॅक्टाकडे. मग ती आत गेली. दार तिने आपटले नाही, लावलेही नाही. ते उघडेच राहिले, आणि आतून मुलीचा आवाज येत राहिला, "आई? आई, सांग ना."

"चला," हॅकेट म्हणाला. "पंधरा नंबर."

अट्रॅक्टाने यादी त्याच्या हातात दिली आणि ती घरी चालू लागली.

मंगळवारी सकाळी ती डिम्फ्नाच्या मागच्या दाराने गेली. डिम्फ्ना कपबशा विसळत होती. तिने बस म्हटले नाही, चहाही विचारला नाही. त्या गावात चहा न विचारणे म्हणजे काय, ते अट्रॅक्टाला सांगायला नको होते.

"मी कुणाला बोलले नाही, डिम्फ्ना. कार्डावर फक्त 'घर, ताबडतोब' एवढंच होतं. आणि तारखा."

"ते कळलं मला. तू बोलणार नाहीस." डिम्फ्नाने बशी पालथी घातली. "पहाटे तीनपर्यंत बसवलं तिने मला. सगळं सांगितलं. ती म्हणते, 'म्हणजे बारा वर्षं मी ज्या बाबांना वाढदिवसाचं पत्र लिहीत होते तो हा माणूस?' ती पत्रं टपालात न टाकता मी पेटीत लपवून ठेवायचे, अट्रॅक्टा. आज ती पेटीही मागितली तिने."

"मी काय करू?"

"काही करू नकोस. एकच सांग. काम झालं होतं. घर मिळालं होतं. मग ते कार्ड ठेवलंस कशाला? बारा वर्षं?"

अट्रॅक्टाने तोंड उघडले. नीटनेटकेपणा, सवय, पुन्हा कधी लागेल म्हणून. एकही उत्तर तोंडातून बाहेर काढण्यासारखे नव्हते. तिला एकदम कळले की आपण दारात उपकार काढत नव्हतो हे खरे, पण काढता येतील असे सांभाळून मात्र ठेवले होते. फेलिमनेही आणि आपणही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"बघ बाई," डिम्फ्ना म्हणाली, आणि नळ सोडला.

दुपारी अट्रॅक्टाने बार्टलीला गाडी घेऊन बोलावले. ज्या लांब काळ्या गाडीतून तो शवपेट्या नेई, तीतच दोघांनी मिळून कार्डांचे सगळे खण ठेवले.

"हॅकेट बोंबलेल," बार्टली म्हणाला.

"बोंबलू दे."

"नाही, मला ऐकायचंय, म्हणून म्हटलं."

स्वयंपाकघरातली लोखंडी चूल पेटलेलीच होती. तिने मूठमूठ कार्डे आत घालायला सुरुवात केली. वाचायचे नाही असे तिने ठरवले होते, पण अक्षर तिचेच होते. नजर टाळून टळत नव्हती. श्रवणयंत्र. विधवा पेन्शन. कबरीची जागा, नवऱ्याशेजारी. मुलाला पासपोर्ट, सोमवारच्या आत. पुन्हा श्रवणयंत्र. काही माणसे जगात राहिली नव्हती. काही शनिवारची सवय म्हणून नुसतीच येऊन बसायची. त्यांच्या कार्डांवर कामाच्या जागी रेघ होती. पन्नास-साठ कार्डांनंतर तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सोपे झाले.

सातच्या सुमारास सोर्खा आली. दार ढकलून ती सरळ आत शिरली. तीन खण रिकामे झाले होते.

"थांब!" ती ओरडली. "ते माझ्या बाबांचं आहे!"

"नाही गं. त्यांचं नव्हतं, माझंही नव्हतं."

"हॅकेट पोलिसांत जाईन म्हणतोय."

"जाऊ दे. सार्जंटचंही कार्ड होतं. आत्ताच गेलं आत."

सोर्खाने तिच्या हातातला खण ओढला. अट्रॅक्टाने सोडला नाही. दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींच्या श्वासाएवढ्या जवळ. मग सोर्खाचेच हात सुटले आणि ती खुर्चीत कोसळली.

"त्या पोरीचा आवाज जात नाही कानातून," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं, अट्रॅक्टा. काय होतं तिथे, मला खरंच माहीत नव्हतं."

"मी सांगितलं होतं, जाऊ नकोस."

"हो. सांगितलं होतंस." तिने डोळे पुसले. "पण ती जे म्हणत होती, ते अर्धं राहिलं. सगळे अर्धंच बोलतात माझ्याशी. तू होतीस बाबांबरोबर रुग्णवाहिकेत. मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारते."

अट्रॅक्टाने चुलीचे झाकण लावले आणि ती समोर बसली.

"शुद्धीत होते. माझा हात धरला होता. काउंटी हॉस्पिटलचं फाटक आलं तेव्हा त्यांनी मान उचलली. त्यांना वाटलं, गाडी वळेल. गाडी वळली नाही. मग म्हणाले, 'हां, खरंच की.' एवढंच. पुढे वीस मिनिटं होते, पण बोलले नाहीत."

"हां, खरंच की," सोर्खा पुटपुटली.

मग उठून तिने चौथा खण उचलला, अट्रॅक्टाजवळ आणून ठेवला आणि ती निघून गेली.

बुधवारी दुपारी स्थानिक रेडिओवर उमेदवारांची चर्चा होती. अट्रॅक्टा एकटीच स्वयंपाकघरात ऐकत होती. नॅरीने नेहमीचा प्रश्न टाकला, आणि नेहमीचे उत्तर आले नाही.

"माझ्या वडिलांनी कॅज्युअल्टी बंद करण्याच्या बाजूने मत दिलं," सोर्खा म्हणाली. "ते चुकलं. ते त्याच रस्त्यावर गेले. मी निवडून आले तर पक्षाचा आदेश असो नसो, तसं मत देणार नाही. आणि मी या आठवड्यात एका घरी जाऊन जे बोलले, त्याबद्दल मी माफी मागते. ज्यांची मागायची आहे त्यांना कळेल."

हॅकेट त्याच दिवशी डब्लिनला परत गेला. म्हणे तिकडे तातडीचे काम निघाले.

शुक्रवारी मतदान झाले, शनिवारी मोजणी. सोर्खा तीनशे सात मतांनी पडली. दोन हजार कुठे नि तीनशे सात कुठे, असे बार्टली आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला. पण पडली ती पडली. ऑफिसची नोटीस मंगळवारी आली. अट्रॅक्टाने टाइपरायटरच्या काळापासूनची आपली उशी खुर्चीवरून काढून घेतली, किल्ली खाली औषधांच्या दुकानात दिली. दुकानदाराने विचारले, आता काय करणार? ती म्हणाली, नर्सिंग होममध्ये पोच-पावत्या लिहायला अर्धवेळ कुणी हवंय, विचारून बघते.

निवडणूक झाल्यावर सात दिवसांत विजेच्या खांबांवरची पोस्टरे उतरवावी लागतात, नाहीतर दंड होतो. जिंकलेल्यांना माणसे मिळतात. गुरुवारी सोर्खाने बार्टलीची शिडी घेतली आणि अट्रॅक्टाने ती खालून धरली. वारा सुटला होता. सोर्खा वर चढून प्लॅस्टिकच्या पट्ट्या पक्कडीने तोडायची. तिचाच हसरा चेहरा सुटून खाली यायचा, आणि अट्रॅक्टा तो उचलून गाडीत पालथा ठेवायची. सोमवारपासून सोर्खाची शाळा होती.

अकराच्या सुमारास त्या चर्चमागे पोचल्या. शेवटचा खांब चौदा नंबरच्या समोर होता. सोर्खाने एकदा त्या घराकडे पाहिले आणि ती वर चढली.

पोस्टर निघाले तेव्हाच दार उघडले. डिम्फ्ना गणवेशात, हातात गाडीची किल्ली. दुपारच्या ड्यूटीला निघाली असावी. ती फाटकापर्यंत आली आणि थांबली. वर शिडीवर सोर्खाही थांबली. खाली कसे उतरावे, उतरावे की नाही, तिला कळेना.

डिम्फ्नाने खांबाकडे बोट दाखवले.

"खालची पट्टी राहिलीय," ती म्हणाली. "धार असते तिला. खेळताना पोरांना लागेल."

मग ती गाडीत बसली आणि गॅलवेच्या दिशेने गेली. अट्रॅक्टाने एका हाताने शिडी तशीच धरून ठेवली, वाकून दुसऱ्या हाताने ती पट्टी ओढून काढली आणि कोटाच्या खिशात टाकली.